मदत हवी आहे: शेजारचे आजोबा 'पुशिंग द बोट आउट' म्हणाले, हा टोमणा आहे का?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण तीन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेच. आम्ही लीड्सला राहतो, पुढच्या महिन्यात नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस आहे, इतकी वर्षं घरीच केक आणि पावभाजी असं चाललं होतं, या वेळी म्हटलं हौसेला मोल नाही, मग हॉल घेतला, ८० माणसं, केटरर, डीजे, फक्त श्रीखंड मी घरी करणार. शेजारच्या आजोबांना आमंत्रण द्यायला गेले (पक्के यॉर्कशरचे, चहाची एक पिशवी दोन कपांना पुरवणारे), तर ते कार्ड बघून म्हणाले, "ऊ, पुशिंग द बोट आउट, आर वुई, लव्ह?" मी आपली हसले आणि घरी आले. बोट कुठून आली मधेच? लीड्सला समुद्र पण नाही!

नेटवर बघितलं तर अर्थ निघाला सढळ हाताने खर्च करणे. म्हणजे मी ऋण काढून सण करणारी बाई वाटले का त्यांना? वर हॉलवाल्या बाई म्हणाल्या 'पुलिंग आउट ऑल द स्टॉप्स', आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणते ड्रेसवर 'स्प्लॅश आउट' कर. हे सगळं एकच आहे का? मला त्या दिवशी चार वाक्यं बोलायचीयेत, त्यात काय वापरू?

खारीबटर:
ताई, टोमणा नाहीये, निश्चिंत राहा. मुळात ही आरमारातली बोली, पुशिंग द बोट आउट म्हणजे सगळ्यांच्या ड्रिंक्सचा राउंड आपल्या खिशातून देणं. इथे पबमध्ये आळीपाळीने राउंड द्यायची पद्धत बघितली असेलच, त्यात जो हात सैल सोडतो तो भला माणूस. त्यामुळे उधळ्या असा वास त्याला नाही, आपलं 'होऊ दे खर्च' तसंच. 'लव्ह' म्हणाले ना, मग प्रेमानेच चिडवलंय. तोंड वाकडं करून कोणी म्हणालं तर गोष्ट वेगळी, पण ते काय मराठीतही 'वा, मोठी माणसं!' कसं म्हणतात त्यावरच असतं.

स्टॉप्सचं वेगळं आहे. चर्चमधल्या पाइप ऑर्गनला खुंट्या असतात, त्या ओढल्या की त्या त्या पाइपांचा आवाज उघडतो, सगळ्या ओढल्या की अख्खं चर्च दणाणतं. म्हणजे यात पैशापेक्षा मेहनत जास्त, जिवाचं रान केलं असं. फुकटात पण ऑल द स्टॉप्स ओढता येतात, तुमचं श्रीखंड त्यातच येईल. आणि स्प्लॅश आउट एखाद्या वस्तूवर करतात, ड्रेस, घड्याळ, हॉटेल. बोट मात्र प्रसंगासाठी ढकलायची.

जुना लंडनकर:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक सावधगिरी. भाषणात चुकूनसुद्धा 'स्पेंड अ पेनी' म्हणू नका. मी नवीन असताना बॉसला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की पार्टीत आम्ही कोणालाही स्पेंड अ पेनी करू देणार नाही, सगळं आमच्याकडून. टेबल गप्प. त्याचा अर्थ लघवीला जाणे. १८५१ च्या हाइड पार्कच्या मोठ्या प्रदर्शनात पैसे देऊन वापरायची शौचालयं होती, पुढे पब्लिक टॉयलेटच्या दाराला पेनी टाकायची कुलुपं आली, त्यावरून हे पडलं. म्हणजे मी लोकांना आमंत्रण देऊन वर तिकडे जायला बंदी घातली होती.

बॉम्बपण जपून. 'कॉस्ट अ बॉम्ब' म्हणजे भयंकर महाग पडलं, पण 'वेंट डाउन अ बॉम्ब' म्हणजे लोकांना जाम आवडलं. अमेरिकेचे पाहुणे असतील तर दुसरं टाळा, तिकडे बॉम्ब झाला म्हणजे आपटलं.

मूळ प्रश्नवाली:
दोघांनाही खूप धन्यवाद, लंडनकर काका हसून हसून पोट दुखलं. आजोबांकडे काल वाटीभर श्रीखंड घेऊन गेले, सँपल म्हणून. चाटूनपुसून संपवलं आणि म्हणाले बोट अजून थोडी ढकल. आता भाषणात असं टाकतेय: "वुईव्ह पुश्ड द बोट आउट टुनाइट, सो नोबडी गोज होम विदाउट सेकंड हेल्पिंग ऑफ श्रीखंड." सेकंडच्या आधी 'अ' लागतो का हो?