रेल्वेच्या यादीत नाव आहे, पत्र नाही: आपापले अनुभव लिहा

फोंड्याचा फणस

परीक्षा कशी द्यावी यावर सगळे बोलतात. पास झाल्यावर, कागदपत्रं तपासून झाल्यावर, पॅनलमध्ये, म्हणजे निवडलेल्यांच्या यादीत, किंवा प्रतीक्षा यादीत नाव लागल्यावर जो काळ जातो त्यावर कोणी बोलत नाही. हा धागा त्यासाठी. गोव्यात बसून रेल्वेच्या पत्राची वाट पाहिलेल्या, अजून पाहत असलेल्या सगळ्यांनी लिहा. नोकरी लागली त्यांनी लिहा, नाही लागली त्यांनी तर नक्कीच. क्लासवाल्यांनी कृपा करून लांब राहावं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. आमच्याकडे दोन रेल्वे आहेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जाते ती कोकण रेल्वे. तिचं महामंडळ वेगळं, मुख्यालय बेलापूरला, भरतीही ते स्वतःच काढतात. वास्कोहून मडगाव, कुळे करत घाट चढून कॅसलरॉकला जाते ती दक्षिण पश्चिम रेल्वे, हुबळी विभाग. तिथली माणसं रेल्वे भरती मंडळाच्या देशभराच्या जाहिरातीतून येतात. आमच्या घरात धाकटा भाऊ मंडळाच्या निकालाकडे डोळे लावून बसलाय आणि मी बेलापूरकडे. आई दोघांनाही एकच विचारते, 'आज कांय आयलें?'

सांगे ते हुबळी

मी लेव्हल वन, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या भरतीतला, ग्रुप डी म्हणतात तो. वडिलांचा ट्रक खाणीवर चालायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. पुढच्या वर्षी रेल्वेची १,०३,७६९ जागांची जाहिरात आली. गावात दहावी झालेला एकही मुलगा फॉर्म भरायचा राहिला नसेल. परीक्षा झाली ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. मध्ये कोविड होता, कबूल. पण माझ्याबरोबर फॉर्म भरलेले काहीजण परीक्षेला बसेपर्यंत बाप झाले होते.

लेखी परीक्षा मी मराठीतून दिली. कोकणीचाही पर्याय असतो, पण मॅथ्स कोकणीतून वाचायची सवय कुणाला आहे? मग शारीरिक चाचणी. ३५ किलो वजन उचलून, मध्ये खाली न ठेवता, २ मिनिटांत १०० मीटर जायचं. १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत धावायचं. दोन्हीला एकच संधी. वजनाचं काही वाटलं नाही, धावण्याने जीव काढला. मैदान नाही, म्हणून पहाटे रस्त्यावर. मित्राने मोबाईलवर अंतर मोजून एका काजूच्या झाडाला चुना फासला, तिथपर्यंत जाऊन परत. वाळू भरलेलं पोतं दुकानदाराच्या काट्यावर तोलून घेतलं तर तो विचारतो, 'कितें रे, घर बांदता?'

हे सगळं बरं होतं, खरंच. पहाटे उठायला कारण होतं. मेडिकल पास झालो आणि ते कारणच गेलं. आता अभ्यास नाही, धावणं नाही, फक्त थांबायचं. मी कुळ्याला दूधसागरच्या जीपवर सीझनपुरता जायचो. पावसाळ्यात तेही बंद. चवथीला सगळं गोत घरी जमतं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता प्रत्येक काका एकदा विचारणार. आईने आधीच गावभर सांगून ठेवलेलं. मी ओव्हऱ्यात, आतल्या खोलीत, बसून राहायचो आणि आरतीपुरता बाहेर यायचो.

शेवटी बोलावणं आलं. आता उत्तर कर्नाटकात ट्रॅक मेंटेनर आहे, घरापासून लांब. एवढंच सांगतो की गोव्यातच पोस्टिंग मिळेल असं धरून कोणी फॉर्म भरू नका. आणि कोणी ट्रॅकवरच्या नोकरीला हलकं म्हणालं तर त्याला पावसात आमच्या घाटात चालवत न्या. ३७ला १ चा चढ आहे तो.

डिचोली एक्सप्रेस

सांगेभाऊ, ओव्हरा आम्हा मुलींना पुरत नाही. आम्हाला चहा घेऊन बाहेर यावंच लागतं.

मी २०१९ च्या एनटीपीसीची, म्हणजे स्टेशन मास्तर, गार्ड, क्लार्क अशा पदांच्या भरतीची, पदवीधर. पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला, माझं नाव नव्हतं. बिहार आणि उत्तर प्रदेशात मुलं रुळांवर उतरली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. त्यांचा मुद्दा साधा होता. जागांच्या २० पट मुलं पुढे घेणार म्हणाले, पण एकच हुशार मुलगा वेगवेगळ्या वेतनस्तरांत पुन्हा पुन्हा मोजला. मग २० पट माणसं राहिली कुठे? मार्चमध्ये रेल्वेने मान्य केलं आणि प्रत्येक स्तराला २० पट वेगवेगळे उमेदवार घेतले. सुधारित यादीत मी आले. तिकडच्या मुलांनी लाठ्या खाल्ल्या, गुन्हे अंगावर घेतले आणि मी डिचोलीत बसून दुसऱ्या टप्प्याला गेले. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही. (याच काळात गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं. आम्ही अजून गार्डची परीक्षा देत होतो!)

नंतर कागदपत्रं तपासायला बोलावलं, पण स्टँडबाय म्हणून. वरचे कोणी आले नाहीत, कोणी मेडिकलला पडलं, तर खालच्यांचा विचार. यादीत आलात म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं असतं. मी ते आईला वाचून दाखवलं. आईने सोयरीक घेऊन आलेल्यांना तरी सांगितलं, 'रेल्वेत लागलीच आहे म्हणा.' मी आत बोलावून म्हटलं, आई, लागले नाही मी. ती म्हणाली, 'मग नाही लागली असं सांगू? तेही खोटंच ना?' यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

तेव्हा मी पणजीला एका खासगी ऑफिसात हिशेब बघायचे. वरची जागा रिकामी झाली. साहेबांनी सरळ विचारलं, तू राहणार की जाणार? चांगला माणूस होता, त्याला खोटं सांगवेना. 'माहीत नाही' म्हटलं. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली आणि मी तिला काम शिकवलं. स्कूटर कर्जावर घ्यायची होती, नाही घेतली. बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता, नाही भरला. कशालाच नाही म्हटलं नव्हतं, फक्त 'थोडं थांबूया' म्हटलं होतं.

पत्र आलं नाही. येणार नाही असंही कोणी कळवलं नाही. वेबसाईटवर नव्या नव्या जाहिराती चढत गेल्या आणि आमची खाली गेली. परीक्षेत नापास झाले असते तर त्या दिवशी रडून मोकळी झाले असते.

आता गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून राज्य सरकारात कारकून आहे. तिथे पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी यावी लागते, म्हणून स्पर्धा आपल्यातल्या आपल्यात. स्कूटर घेतली.

रंगांधळा

डिचोलीताई, तुमच्या यादीतला वरचा माणूस बहुधा माझ्यासारखाच कोणी असेल. माझी निवड झाली होती, स्टेशन मास्तर पहिली पसंती. त्या पदाला ए-२ मेडिकल लागतं, चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/९. ते होतं मला. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि आकडा वाचायला सांगितलं. मला आकडा दिसेना. त्यांनी पान उलटलं, पुन्हा नाही. मला वाटलं पुस्तक जुनं झालंय.

इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं. पिकलेला आणि कच्चा आंबा मी वासावर ओळखतो हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते माझं कौतुक समजायचे.

नव्या मुलांनी पसंतीक्रम भरायच्या आधी साध्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यावं. दृष्टी, रंग, दोन्ही. ए-१, ए-२, ए-३, बी, सी असे वेगवेगळे दर्जे असतात आणि कुठल्या पदाला कुठला ते जाहिरातीच्या जोडपत्रात दिलेलं असतं. ज्या पदाचा दर्जा झेपणार नाही ते वर ठेवलं आणि मेडिकलला पडलात, तर बदली पद देत नाहीत. सिग्नलवाल्या पदांवर डोळा असेल तर लॅसिक, म्हणजे डोळ्यांचं लेझर ऑपरेशन, करून नंबर घालवू नका, ते चालत नाही. क्लार्कच्या पदांना एवढं कडक नसतं. मी क्लार्क वर ठेवलं असतं तर, असं मामा दर लग्नात म्हणतो.

पेडण्याहून

मी उमेदवार नाही, बाप आहे. आमची जमीन कोकण रेल्वेत गेली तेव्हा मुलगा जन्मायचा होता. गोव्यात तेव्हा मार्ग कुठून न्यावा यावरून मोठा वाद झाला, काम थांबलं, मार्ग तपासायला ओझा आयोग बसला. शेवटी २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. आमच्या वडिलांनी पहिली गाडी पाहून सांगितलं होतं, ह्या घरातला एक तरी गाडीत कामाला लागेल.

जमीन गेलेल्यांना भरतीत प्राधान्य आहे, हे खरं. पण सिद्ध करायला बसा! जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबा आणि त्यांच्या भावांची नावं. भूसंपादनाच्या निवाड्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं. माझ्या जन्मदाखल्यावर तिसरंच. मामलेदाराच्या ऑफिसात माझी ओळख आता एवढी झालीय की शिपाई चहा विचारतो.

जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला, गाड्या बंद पडल्या. बायको बातम्या बघत म्हणाली, 'आता तरी माणसं घेतील.' मी तिच्यावर ओरडलो, असं बोलू नये म्हणून. सप्टेंबरमध्ये १९० जागांची जाहिरात आली. बोगद्याशी तिचा काही संबंध नाही, तरी बायको अजून माझ्याकडे बघून हसते.

मुलाचं पुढे काय झालं ते आत्ता लिहीत नाही, यादी अजून चालू आहे. दृष्ट लागते.

दुकानावरून

छोटीशी सूचना. यादीत नाव आलं की फोन येतात. 'साहेब ओळखीचे आहेत, फाईल पुढे सरकवतो.' नाव, रोल नंबर, सगळं बरोबर सांगतात, कारण ते निकालाच्या पीडीएफमध्येच असतं. २०२४ मध्ये आपल्याकडे सरकारी नोकरीच्या नावाने पैसे उकळल्याची किती प्रकरणं बाहेर आली ते आठवा. माझ्या चुलत्याने सोनं गहाण ठेवायची तयारी केली होती, काकीने बांगड्या काढून दिल्या नाहीत म्हणून वाचला. बायकांचं ऐकत चला.

जुना मीटरगेज

वास्कोची लाईन मीटरगेज होती आणि आम्ही दक्षिण मध्य रेल्वेत मोडायचो, तेव्हा मी लागलो. आता पेन्शनर. तुमचं सगळं वाचलं. थोडं आतलं सांगतो, म्हणजे कोणाला शिव्या घालायच्या ते तरी कळेल.

मंडळ फक्त निवडतं. जागा किती हव्यात ते झोन, म्हणजे दक्षिण पश्चिमसारखी एकेक रेल्वे, कळवतो. निकालानंतर पॅनल झोनकडे जातं, झोन ते विभागांना वाटतो. मग विभागात जातीच्या दाखल्याची पडताळणी, चारित्र्य पडताळणी, मेडिकल, प्रशिक्षणाची बॅच. यातला एक कागद अडला की माणूस अडतो. दरम्यान मागणी काढली तेव्हाच्या आणि आताच्या रिकाम्या जागा सारख्या राहिलेल्या नसतात. वेबसाईटवर मात्र फक्त 'पॅनल पाठवलं' एवढंच दिसतं, म्हणून तुम्ही मंडळाला फोन करता आणि मंडळ म्हणतं आमचं काम झालं. ते खोटं बोलत नसतात. झोनच्या कार्मिक विभागाला विचारा, लेखी विचारा, गरज पडली तर माहिती अधिकारात विचारा. पॅनल क्रमांक, दिनांक, आपला रोल नंबर, एवढंच लिहा. आईची तब्येत, घरची परिस्थिती त्यात लिहू नका. वाचणाऱ्याच्या घरीही आई असते, तरी फाईल त्याने हलत नाही.

आमच्या वेळी रोजगार विनिमय केंद्रातून नाव जायचं आणि पोस्टमन पत्र आणायचा. त्याला चवथीला करंज्या द्यायचो. तुमच्या वेबसाईटला काय देणार?

फोंड्याचा फणस

काका, करंज्या मी तुम्हालाच आणून देतो. माझा मुद्दा राहिलाच होता. कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही होकार दिला, बाकीची राज्यं आधीच तयार होती. विलीनीकरण झाल्यावर बेलापूरच्या चालू यादीचं काय आणि जमीन गेलेल्यांच्या प्राधान्याचं काय, हे मला दुसऱ्या कशापेक्षाही जास्त सतावतं. पेडण्याचे बाबा, तुम्हालाही सतावत असणार.

पेडण्याहून

सतावतं ना. म्हणून निवाड्याच्या प्रती सत्यप्रत करून तीन ठिकाणी ठेवल्यात. एक माझ्या मेव्हण्याकडे मडगावला.

साळावली

नमस्कार, मी नवीन. २०२४ च्या एनटीपीसी जाहिरातीला फॉर्म भरलाय, ओबीसीमधून. गोव्याचा दाखला आहे, तो कागद तपासणीला चालेल का?

डिचोली एक्सप्रेस

राज्याच्या नोकरीसाठी काढलेला असेल तर नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमीलेयर दाखला लागतो, नमुना जाहिरातीच्या मागेच असतो. तो छापून उपजिल्हाधिकारी कार्यालयात ने. तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीत बसते का ते तिथल्या तिथे बघ, घरी येऊन नको. मंगळवारी गर्दी कमी असते.