झाड वाचवणं सोपं की उंदीरवर्गातला प्राणी? वॉलेमी पाइन आणि चिंचिला

रानवेडा:
ऑस्ट्रेलियातलं वॉलेमी पाइन आणि चिलीतला चिंचिला, दोन्ही नष्ट होण्याच्या मार्गावर. पण मला कळत नाही, झाडाची रोपं करता येतात आणि उंदरांना तर धडाधड पिल्लं होतात, मग अडतंय कुठे?

खारूताई:
धडाधड पिल्लं घरातल्या उंदराला हो. तो वीसेक दिवसांत वितो, चिंचिलाला 111 दिवस लागतात आणि पिल्लं होतात दोन-तीन. त्यात फर इतकी दाट की एकेका छिद्रातून पन्नासच्या वर केस, एका कोटाला शंभराच्या वर कातडी लागायची, म्हणून लाखोंनी मारले. 1910 मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू यांनी मिळून शिकारबंदीचा करार केला खरा, पण तोवर उशीर झाला होता. आता शिकारीपेक्षा खाणी, सरपणाची तोड आणि शेळ्या जास्त नडतात.

पानगळ:
झाडाचंही सोपं समजू नका. 1994 ला सिडनीजवळच्या एका दरीत सापडलं, मोठी झाडं शंभराच्याही आत आणि जनुकं जवळपास सारखीच, म्हणजे एकाला रोग लागला तर सगळीच गेली. फायटोफ्थोरा नावाची मूळकुज बुटाच्या मातीतून पोचते, म्हणून जागा गुप्त ठेवलीय. 2019-20 च्या वणव्यात तर फायर ब्रिगेडवाल्यांनी विमानातून आगरोधक टाकून आणि स्प्रिंकलर लावून वाचवली. (एवढी बडदास्त उंदराची कोणी ठेवणार नाही, हे वेगळं.)

रानवेडा:
पण वॉलेमी कुंडीत विकायला असतं आणि चिंचिला लोक पाळतात की! तेच सोडा ना रानात.

खारूताई:
इथेच खरा फरक आहे. कलमातून केलेलं वॉलेमी म्हणजे जंगलातलंच झाड, जनुकं तीच. पाळीव चिंचिला मात्र बहुतेक 1923 मध्ये चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण इंजिनिअरने कॅलिफोर्नियात नेलेल्या 11 जनावरांचे वंशज, आणि पिढ्यानपिढ्या फरचा रंग बघून जुळवलेले. त्यांना डोंगरात सोडलं तर घुबड आणि कोल्ह्यांचीच चंगळ, वर पिंजऱ्यातले रोग जंगली चिंचिलांना लागायचा धोका.

पानगळ:
+1. फक्त कुंडीतलं झाडही तसंच नेऊन लावत नाहीत, मातीतून मूळकुज जाऊ शकते. निर्जंतुक रोपं नेऊन रानात दुसऱ्या ठिकाणी लावलीत, पण सावलीत ती इतकी हळू वाढतात की बी धरायला दशकं जातील. म्हणून माझं मत, झाडाला वेळ द्या आणि चिंचिलाचा उरलेला डोंगर राखा, पाळलेल्यांच्या भरवशावर राहू नका.