'संदेश', 'भाकीत' की 'भविष्यवाणी'?

प्रश्न

एका छोट्या पुस्तिकेचं मराठी करते आहे. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना देवाकडून मिळालेलं एक कृपादान आज चालू आहे की प्रेषितांच्या काळाबरोबर संपलं, हा तिचा विषय. पहिल्याच पानावर अडले. मूळ ग्रीक शब्द 'प्रोफेतेइआ', म्हणजे देवाने दिलेलं त्याच्या वतीने बोलणं. त्याला मराठीत काय लिहू? 'भविष्यवाणी' लिहिलं तर लोकांना राशिभविष्य आठवतं. 'संदेश' लिहिलं तर रविवारी पाळक देतात तो संदेश वाटतो. 'भाकीत' म्हणजे थेट हवामान खातं. शब्द बदलला की प्रश्नाचं उत्तरही बदलतंय असं वाटतं. हे मलाच वाटतंय का?

प्रतिसाद १

'भविष्यवाणी' आपल्याकडे बरीचशी हिंदीतून आली. हिंदी पवित्र शास्त्रात 'भविष्यद्वक्ता' आहे, आणि हिंदी प्रवचनं ऐकून आपणही सभेत 'आज भविष्यवाणी झाली' म्हणू लागलो. असं बोलणाऱ्या माणसाला मराठीत रुळलेला शब्द 'संदेष्टा' आहे. सम् + दिश् पासून, 'उपदेष्टा', 'द्रष्टा' यांच्याच घडणीचा. त्यात भविष्याचा मागमूसही नाही. 'भाकीत' मात्र 'भाकणे'वरून आलं. 'करुणा भाकणे' म्हणताना आपण भविष्य सांगत नसतो, पण 'भाकीत' हा शब्द आता त्या एकाच अर्थाला बांधला गेला आहे. मी तो टाळेन.

प्रतिसाद २

'द्रष्टा' का नको? १ शमुवेल ९:९ मध्येच म्हटलंय की ज्याला आता संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत.

प्रतिसाद ३

नको, कारण ते वचन दोन वेगळे हिब्रू शब्द शेजारी ठेवतं. 'रोए' म्हणजे पाहणारा, 'नावी' म्हणजे बोलणारा. नावीचं काम निर्गम ७:१ मध्ये फार स्वच्छ दिसतं. अहरोन हा मोशेचा नावी होईल, म्हणजे मोशेच्या वतीने फारोशी बोलेल. ग्रीक 'प्रोफेतेस'ही दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. शिवाय 'द्रष्टा' आपण आता कुठल्याही दूरदृष्टीच्या नेत्याला लावतो. 'प्रेषित'ही नको. ख्रिस्ती मराठीत तो येशूच्या बारा शिष्यांसाठी आणि पौलासाठी आहे, तर वर्तमानपत्री मराठीत मुहंमद पैगंबरांसाठी. एकाच पानावर दोन अर्थ सांभाळणं अवघड.

आता मूळ मुद्दा. ताई, तुम्हाला वाटतंय ते खरं आहे. शब्द निवडताना आपण नकळत वादात एक बाजू घेतो.

नाथान संदेष्टा दावीद राजापुढे उभा राहून 'तो मनुष्य तूच आहेस' म्हणाला, तेव्हा तो घडून गेलेल्या पापाबद्दल बोलत होता. प्रेषितांची कृत्ये १५:३२ मध्ये यहूदा आणि सीला संदेष्टे होते म्हणून त्यांनी बंधूंना धीर दिला. पौल १ करिंथ १४:३ मध्ये या दानाचं फळ सांगतो ते उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन. यातल्या कशालाच 'भविष्यवाणी' बसत नाही. पण अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ पडणार म्हणून सांगितलं (कृत्ये ११:२८), तिथे नुसता 'संदेश' फिका पडतो.

'संदेश' हाच शब्द घट्ट धरला तर दुसरी अडचण येते. प्रवचनालाही आपण संदेशच म्हणतो, मग ते दान संपलं असं कोण म्हणेल? ही सरमिसळ मराठीपुरती नाही. धर्मसुधारक झ्विंग्लीने १५२५ मध्ये झुरिकला शास्त्राभ्यासाचे वर्ग सुरू केले, त्यांना याच शब्दावरून 'प्रोफेत्साय' नाव पडलं. तिथे भाकितं होत नव्हती, हिब्रू आणि ग्रीक वचनं उलगडली जात होती. पण पौलाने लिहिलेलं दान काही वेगळं आहे. १ करिंथ १४:३० मध्ये एकजण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने गप्प राहावं, असं तो सांगतो. तयार करून आणलेल्या प्रवचनाची ही रीत नव्हे.

प्रतिसाद ४

मी दान संपलं असं मानणारा. इफिस २:२० मध्ये प्रेषित आणि संदेष्टे हा पाया आहे, आणि पाया एकदाच घालतात. दुसऱ्या शतकात फ्रुगियात माँटानस आणि त्याच्यासोबत प्रिस्किला, मॅक्सिमिला यांनी नव्या प्रकटीकरणाचा दावा केला. मंडळीने तो नाकारला. आज कोणी 'प्रभू म्हणतो' अशी सुरुवात करून चुकलं, तर पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात १८:२२ त्याच्याबद्दल काय म्हणतं ते वाचा: ती वाणी प्रभूची नव्हे. म्हणून माझा आग्रह आहे की शब्द जड ठेवा. 'संदेश' म्हणून तो हलका करू नका.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

तुमची काळजी मला पटते. लोकांची लग्नं आणि नोकऱ्या अशा 'प्रभू म्हणतो'वर ठरलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ते पाहवत नाही. तरीही १ थेस्सलनीका ५ मध्ये पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: असे संदेश तुच्छ मानू नका, आणि पारखून घ्या. जे पारखायचं आहे ते शास्त्रवचनाच्या तोडीचं कसं असेल? १ करिंथ १४:२९ मध्येही दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा, असंच आहे.

खरा वाद अगबावर आहे. कृत्ये २१:११ मध्ये तो पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो, यहूदी याला असं बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील. पण २१:३३ मध्ये साखळ्या घालतो तो रोमी सरदार, तोही पौलाला जमावाच्या हातून सोडवून. म्हणून काहीजण म्हणतात, नव्या करारातल्या संदेष्ट्याच्या तपशिलात चूक होऊ शकते. उलट बाजू २८:१७ दाखवते. तिथे पौल स्वतःच म्हणतो की मला यरुशलेमेहून रोमी लोकांच्या हाती देण्यात आलं. मला ही दुसरी बाजू जास्त भक्कम वाटते, पण त्यावरून दान संपलं असं ठरत नाही. त्यासाठी १ करिंथ १३:१० पाहावं लागतं. 'पूर्ण ते येईल तेव्हा' यातलं 'पूर्ण' म्हणजे पूर्ण झालेला नवा करार की ख्रिस्ताचं पुनरागमन? बाराव्या वचनात समोरासमोर पाहण्याची भाषा आहे, म्हणून मी पुनरागमन धरतो. तेव्हा माझ्या मते दान आजही आहे, पण पारखीखाली.

'डिडाखे' या फार जुन्या ग्रंथात फिरत्या संदेष्ट्यांची कसोटी आहे. आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा. म्हणजे पारख करायची सवय माँटानसनंतर आलेली नाही.

प्रश्नकर्ती

मग असं करते. दानाला 'संदेशदान', माणसाला 'संदेष्टा', आणि अगबासारख्या ठिकाणी 'पुढे घडणाऱ्या गोष्टीचा संदेश'. प्रवचनाला या पुस्तिकेत सगळीकडे 'प्रवचन'च. संदेशदान म्हणजे काय आणि कोणी पारखायचं, ते पहिल्याच पानावर. कृत्यांमधल्या फिलिप्पाच्या, असे संदेश देणाऱ्या चार मुलींना 'संदेष्ट्या' म्हणू का?

प्रतिसाद १

'संदेष्ट्या' नको, 'संदेष्ट्यांनी' वगैरे पुल्लिंगी रूपांशी गोंधळ होईल. नव्या करारातल्या हन्नेसाठी 'संदेष्ट्री' म्हणतात, तेच घ्या. 'चौघी संदेष्ट्री होत्या' कानाला थोडं अडतं, तेव्हा 'चौघींना संदेशदान होतं' लिहा. ग्रीकमध्येही तिथे नाम नाही, क्रियाच आहे.