लग्नाचं ग्रीन कार्ड : आपापले अनुभव लिहा

अबोली :
"तुझं काय बाई, सोपं आहे," हे मी अमेरिकेत दोन वर्षं ऐकलं. नवरा इथला नागरिक. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे नोकरीवरून अर्ज केलेले आपले लोक ज्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत ती आमच्या वाट्याला येत नाही, हे खरंच. पण घरात बसून वाट बघताना काय काय होतं ते कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मी स्टुडंट व्हिसावर होते. आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (इथे राहूनच ग्रीन कार्ड मागायचा माझा अर्ज) एकत्रच भरले, सोबत वर्क परमिट आणि ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे अर्ज चालू असताना देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी, यांचेही अर्ज. चौथ्या महिन्यात बाबांना ॲडमिट केलं. पॅरोल हातात नसताना देशाबाहेर गेलं तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. (एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यात सवलत आहे, मला नव्हती.) आई फोन बाबांच्या उशाशी ठेवायची आणि मी रात्रभर त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत बसायचे. बाबा वाचले. अशा वेळी हॉस्पिटलचं पत्र दाखवून तातडीचं पॅरोल मागता येतं, हे मला कार्ड आल्यावर कळलं. कुणी आत्ता या अवस्थेत असेल तर आजच चौकशी करा.

तुमचंही लिहा. चांगलं, वाईट, जे घडलं ते.

पैलतीर :
अबोली, वाचताना घसा दाटून आला.

मी नाशिकला आणि बायको तिकडे, त्यामुळे आमचं सगळं मुंबईच्या कॉन्सुलेटमधून झालं. अडलं कुठे, तर जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा! आईवडील आहेत, तारीख आहे, मुलाचं नाव नाही. महापालिकेत नाव चढवून घेतलं, शिवाय आई आणि आत्याची प्रतिज्ञापत्रं जोडली. आय-१३० भरला की लगेच हे हातात घ्या.

आणखी एक. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत उतरलात तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, अटीचं. आम्हाला एकोणीस दिवस कमी पडत होते. व्हिसाची मुदत शिल्लक होती, तिकीट पुढे ढकललं. विमानतळावर अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून नोंद बदलून घेतली आणि कार्ड थेट दहा वर्षांचं आलं. ते एकोणीस दिवस दोघांनाही फार जड गेले.

केवडा :
मी सही करणारी बाजू. आय-८६४, म्हणजे जोडीदाराचा आर्थिक भार उचलायची हमी, हा सरकारशी केलेला करार असतो. नवरा नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरेपर्यंत जबाबदारी आपली. घटस्फोटानेही ती सुटत नाही. माझं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांना पोचत नव्हतं, म्हणून मावशी जॉइंट स्पॉन्सर झाली, म्हणजे तिनेही तीच हमी दिली. सही करण्याआधी काकांनी विचारलं, "उद्या तुमचं बिनसलं तर?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, हे त्यांना विचारावं लागायला नको होतं, मीच आधी सगळं समजावून सांगायला हवं होतं.

उंबरठा :
नेहमीच्या नावाने लिहायचा धीर होत नाही, म्हणून हे नवं नाव घेतलंय.

माझा पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत असायचा. भाजी करपली तरी, "अर्ज मागे घेतो, जा मग आईकडे." पुढे हात उचलायला लागला. मुलाला घेऊन लायब्ररीत जायचे, तिथल्या बाईंनी मोफत कायदा सल्ल्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी मी मुलाच्या बुटात ठेवली.

१९९४ च्या वावा (VAWA, महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या) कायद्याने छळ सोसणारी व्यक्ती, जोडीदाराने भरायच्या आय-१३० ऐवजी, आय-३६० हा अर्ज स्वतः भरू शकते. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवतही नाहीत. पुरुषांनाही हा कायदा लागू आहे. मी पोलिसांत गेले नव्हते. शेजारणीचं पत्र, डॉक्टरांची नोंद आणि माझं आठ पानी निवेदन, एवढ्यावर झालं. निवेदन आधी मराठीत लिहून काढलं, इंग्रजीत हातच चालेना.

पासपोर्टची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत माहेरच्या कुणाला तरी ईमेल करून ठेवा. संसार सुखाचा असला तरी.

पाऊलवाट :
आमचं लग्न दोन वर्षांच्या कार्डावर असतानाच मोडलं. दोघांचंही चुकलं. घटस्फोट झाल्यावर आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, एकट्याने भरता येतो, पण लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं. दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न जोडले होते. तिच्या ऑपरेशनच्या वेळचा फॉर्म जवळजवळ फेकून देणार होतो, त्यावर नातेवाईक म्हणून माझी सही होती. मुलाखतीत अधिकारी बाईंनी बाकीचं भराभर चाळलं आणि त्या सहीपाशी थांबल्या. पुढे एकच प्रश्न विचारला, "आता त्यांची तब्येत कशी आहे?"

अबोली :
उंबरठा, तुझं वाचून लगेच उठले. दोन्ही प्रती दादाला पाठवल्या.