जुनं ग्राफिक्स कार्ड की लॅपटॉपचं इनबिल्ट? माझं मत: आता जुन्या कार्डात पैसे घालू नका

जळगावचा एडिटर
घरी जुना पीसी पडलाय, त्यात एनव्हिडियाचं सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड टाकू की सरळ लॅपटॉप घेऊ, हे कॉलेजची पोरं सारखी विचारतात आणि त्यांना एकच उत्तर मिळतं, इनबिल्टवर (प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर) काही होत नाही भो, कार्ड पाहिजेच. हे उत्तर २०१६ साली बरोबर होतं. १०५० टीआय त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं, ४ जीबी स्वतःची मेमरी, ७५ वॅट, बहुतेक मॉडेलला वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमध्ये बसवलं की चालू, म्हणून ऑफिसातून निघालेल्या कुठल्याही पीसीत ते चालायचं. त्या काळचं लॅपटॉपमधलं इनबिल्ट त्याच्या जवळपासही नव्हतं.

पण आता एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४५एचएस या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये जे रेडिऑन ७८०एम इनबिल्ट येतं ते बघा. १०५० टीआयचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास थांबतो, हे २७०० पर्यंत जातं, आणि प्रोसेसर धरून अख्खी चिप ३५ ते ५४ वॅटमध्ये बसते. रॅम नीट असेल तर गेममध्ये हे १०५० टीआयच्या बरोबरीला राहतं, बऱ्याच ठिकाणी पुढेच. वर एनव्हिडियाने पास्कल कार्डांचे (१०५० टीआय त्याच पिढीतलं) गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमसाठी कार्ड तयार ठेवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. आणि २०२५ चा डूम द डार्क एजेस तर हार्डवेअर रे ट्रेसिंगच (प्रकाश-सावलीचा हिशोब करणारी कार्डातली खास सोय) मागतो, १०५० टीआयवर तो खेळताच येत नाही.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं, तर त्याचं पण सांगतो. आजकाल बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या जास्त रंग साठवणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करतात, ती फाईल प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकली की १०५० टीआय ती डीकोड करायला (उलगडून दाखवायला) काहीच मदत करत नाही, सगळा भार प्रोसेसरवर, प्रिव्ह्यू अडकत अडकत चालतो. इंटेलच्या ११व्या पिढीचं इनबिल्ट तीच फाईल हार्डवेअरवर डीकोड करतं. एनव्हिडियाने ही सोय थेट ५० सिरीजमध्ये, २०२५ ला दिली. एएमडीच्या ७८०एम मध्ये पण ती नाही, म्हणून एडिटिंगवाल्यांनी इंटेलच बघा. पण जुन्या कार्डाच्या नादी लागू नका.

धुळेकर असेंब्लीवाला
एडिटर भाऊ, तुम्ही शोरूममधला सगळ्यात चांगला लॅपटॉप उचलला आणि त्याची तुलना सेकंडहँड कार्डाशी केली. आमच्याकडे धुळ्यात पोरगं बापाला घेऊन येतं तेव्हा त्याच्या हातात ७८०एम वाला लॅपटॉप नसतो, आय ३ नाहीतर साधा रायझन असतो, आत ८ जीबीची एकच रॅम. बोलायचं तर त्याच्यावर बोला.

इनबिल्टची खरी अडचण कोअरची नाही, मेमरीची आहे. डीडीआर४ ३२०० रॅमची एक स्टिक (पट्टी) सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन टाकल्या तर ५१.२. डीडीआर५ ५६०० च्या दोन स्टिक लावल्या तरी ८९.६. १०५० टीआयला एकट्याला ११२ मिळतात आणि त्यात वाटेकरी कोणी नाही. इनबिल्टमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन घरांसारखे, एकाने तोटी सोडली की दुसऱ्याची धार बारीक. इंटेलने स्वतःच आयरिस एक्सई हे आपल्या इनबिल्टचं नाव दोन चॅनलच्या, म्हणजे साधारण दोन स्टिकच्या, रॅमवर बांधून ठेवलंय, एकच स्टिक असेल तर तीच चिप विंडोजमध्ये यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसते. किती गिऱ्हाइकांना हे माहीत असतं?

आणि त्या ८ जीबीतून ग्राफिक्सने दोन घेतले, विंडोजने तीन-चार खाल्ले, मग ब्राउझर उघडल्यावर काय उरतं?

ड्रायव्हरचं म्हणाल तर फक्त एनव्हिडियानेच हात वर केलेत असं नाही. इंटेलने पण ११ ते १४व्या पिढीचं इनबिल्ट २०२५ मध्ये लेगसीत (जुन्यांच्या यादीत) टाकलं, आता नवीन गेमसाठी पहिल्या दिवशी ड्रायव्हर नाही, तीन महिन्यांनी एकदा अपडेट. एएमडीने व्हेगा हे जुन्या रायझनमधलं इनबिल्ट २०२३ लाच बाजूला काढलं. तुम्ही एडिटिंगला जी ११वी पिढी घ्या म्हणता तीच यात आहे.

भुसावळकर
दोघं वेग मोजताय, आमच्या भुसावळच्या मे महिन्याचं कोणी बोलत नाही. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर आहे तर दमट, कूलर नाही तर भट्टी. पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच हीटसिंकवर, तापलं की दोघांचा क्लॉक एकदम खाली येतो, मग ते २७०० मेगाहर्ट्झ कागदावरच राहतात. माझ्या मते उन्हाळ्यात डेस्कटॉप बरा, कॅबिनेटची बाजू उघडा, ब्लोअरने धूळ काढा, कार्डाचा थर्मल पेस्ट बदला, हे सगळं घरी होतं. लॅपटॉप उघडायला दुकानात न्यावा लागतो.

पण लाइटचं काय, हे धुळेकर आप्पांनी सांगावं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, काम सेव्ह होतं. पीसीला यूपीएस पाहिजे, तो जुना झाला की बॅटरी बदला, तो खर्च कार्डाच्या किमतीत कोणी धरतच नाही.

शिरपूर हॉस्टेल
मी इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. सीनियर सांगतात मशिन लर्निंगसाठी एनव्हिडियाच घ्या कारण कुडा (कार्डावर गणितं चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर), आणि मॅटलॅबचं जीपीयू कॉम्प्युटिंग पण एनव्हिडियावरच चालतं. मग लॅपटॉप घेऊनही काय फायदा, इनबिल्टवर कुडा नाहीच ना? १०५० टीआयवर निदान शिकता तरी येईल.

जळगावचा एडिटर
शिरपूरवाल्या दादा, कुडासाठी पास्कल घेऊ नको, कळकळीने सांगतो. २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा या तिन्ही जुन्या पिढ्या काढून टाकल्या, म्हणजे १०५० टीआयवर तू कायम जुन्या आवृत्त्यांतच अडकणार. ४ जीबीत आजचं मॉडेल ट्रेन करायला बसलास तर निम्मा वेळ मेमरी फुल्लच्या एररमध्ये जाईल. शिकायला गुगल कोलॅब फुकट आहे, कोड गुगलच्या कॉम्प्युटरवर चालतो, ते कुठल्याही लॅपटॉपवर उघडतं.

धुळेकर, एका स्टिकचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो लॅपटॉप विकणाऱ्याचा दोष आहे, इनबिल्टचा नाही. दुसरी स्टिक टाका ना.

धुळेकर असेंब्लीवाला
टाका म्हणायला सोपं आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बघितले का? आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केलेली येते, स्लॉटच नाही, तिथे काय टाकणार?

कुडाचं तुम्ही सांगितलं ते खरं आहे, शिकायला कोलॅब वापर बाळा. पण गावातली निम्मी पोरं यातलं काहीच करत नाहीत, त्यांना व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायचा आहे, ऑटोकॅड उघडायचं आहे. ते सगळं १०५० टीआयवर आरामात चालतं आणि लॅपटॉपच्या किमतीत असे तीन-चार पीसी उभे राहतात. ज्याच्या बापाचं केळीचं पीक वाऱ्याने आडवं झालं त्याला मी ७८०एम घे असं कोणत्या तोंडाने सांगू?

भुसावळकर, यूपीएसचा खर्च धरायलाच पाहिजे, बरोबर आहे. मी कोटेशनमध्येच लिहून देतो.

आणि सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांनो, पैसे द्यायच्या आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. जुन्या ५५० टीआयवर बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून विकून राहिलेत, जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी फेक लिहून दाखवतं. एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड स्वस्त मिळालं तरी चौकशी करा, २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात उतरली. शिवाय ते १८५ वॅट खातं, जुन्या पीसीच्या एसएमपीएसला (वीज देणाऱ्या डब्याला) ते झेपणार नाही.

चाळीसगावहून
मला यातलं फार कळत नाही, पण सगळं वाचलं. मुलगी यंदा डिप्लोमाला सिव्हिलला लागली, ऑटोकॅड आहे म्हणे. घरी मिस्टरांच्या ऑफिसातून घेतलेला जुना पीसी आहे, आय ५ चौथी पिढी, ८ जीबी रॅम. दुकानदार कार्ड टाकून देतो म्हणतो. टाकू का?

जळगावचा एडिटर
ताई, अजिबात नको. चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृत चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टू-डी ऑटोकॅड आजच्या साध्या इनबिल्टवर छान चालतं, तिला कार्डाची गरजच नाही. मुलीला कॉलेजात न्यायला पण लॅपटॉपच लागेल. घेताना एकच बघा, १६ जीबी रॅम दोन स्टिकमध्ये आहे का. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक करायला सांगा, किती स्लॉट वापरलेत ते तिथे लिहिलेलं असतं.

धुळेकर असेंब्लीवाला
ताई, ऑटोकॅडला कार्ड नको हे मी पण सांगतो, त्या दुकानदाराचं ऐकू नका. पण म्हणून लगेच लॅपटॉपला कर्ज काढायची पण गरज नाही. त्याच पीसीत एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान ड्राइव्ह) टाका, पहिलं वर्ष बहुतेक हातानेच ड्रॉइंग काढायचं असतं. विंडोज १० ला जास्तीचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, तोवर बघा तिला खरंच काय लागतं. थ्री-डी लागलं तर तेव्हा बोलू, आणि तेव्हा मी वेगळं कार्ड असलेलाच लॅपटॉप सुचवीन, एडिटर भाऊंना पटो न पटो.

जळगावचा एडिटर
नाही पटत आप्पा. सपोर्ट संपत आलेल्या मशीनवर एसएसडीचे पैसे तरी का घालायचे?

धुळेकर असेंब्लीवाला
कारण ती एसएसडी काढून उद्या दुसऱ्या पीसीत बसवता येते, नाहीतर केसमध्ये टाकून लॅपटॉपला जोडता येते. ताई, घेताना फक्त २.५ इंचाची साटा (केबलने जोडायची) मागा, त्या बोर्डवर एनव्हीएमईचा (नव्या पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट बहुतेक नसेल.