फोन काढून घेतला, परत दिला, आठवड्यात पुन्हा तेच. नेमकं कुठे चुकतं?

शालेय_समुपदेशक: प्रश्न १३ ते १७ वयाच्या मुलांबद्दल आहे. पालक वैतागून फोन काढून घेतात, परीक्षा होईपर्यंत बरं चालतं, मग फोन हातात आला की आठवडाभरात पुन्हा रात्री दोनपर्यंत गेम. अतिवापर आणि व्यसन यांतली रेघ कुठे ओढायची? कोणत्या मुलांकडे आधी लक्ष द्यायचं? आणि फोन परत देताना क्रम काय ठेवायचा?

बालमनोविकार_तज्ज्ञ: तासांवरून ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या अधिकृत यादीत (लागू १ जानेवारी २०२२) ‘गेमिंग डिसऑर्डर’साठी तीन गोष्टी पाहतात: थांबवता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला अग्रक्रम, आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. हे साधारण १२ महिने टिकलेलं असावं आणि अभ्यास, नाती, तब्येत यांना ठळक फटका बसलेला असावा. सुट्टीत दिवसाला सहा तास खेळून शाळा सुरू झाल्यावर आपोआप कमी करणारा मुलगा यात बसत नाही. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या व्यसनासाठीची २० प्रश्नांची चाचणी चाळणी म्हणून ठीक आहे, पण तिच्या गुणांवरून निदान करू नये.

धोक्याच्या बाबतीत मी आधी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याचा विकार) तपासतो. अशा मुलाला वाट पाहणं जड जातं, आणि गेम दर काही सेकंदांनी बक्षीस देतो. वही तसं देत नाही. त्यानंतर नैराश्य, चारचौघांत बोलण्याची भीती, शाळेत होणारी छळवणूक, घरातली सततची भांडणं. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे दर वेळी स्पष्ट नसतं, बाण दोन्ही दिशांनी जातो. पण मूळ आजारावर उपचार न करता नुसता फोन काढला, तर त्या मुलाचा एकमेव आधार जातो आणि दुखणं तसंच राहतं. जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलत असेल तर फोन हिसकावू नका, आधी तज्ज्ञाला दाखवा.

सीबीटी_थेरपिस्ट: क्रमाबद्दल. (सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर बोलून काम करणारी उपचारपद्धती.) पहिला आठवडा काहीही कमी करायचं नाही, फक्त नोंद: किती वाजता उचलला, त्याआधी काय घडलं, मनात काय होतं, काय उघडलं. ‘गणिताचा पेपर मिळाला, घरी कोणी नव्हतं, लगेच गेम’ अशा पाच-सहा ओळी जमल्या की फोन कशाची जागा भरतोय ते दिसतं.

मग झोप. या वयात ८ ते १० तास लागतात. झोपण्याची वेळ लादण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. रात्री चार्जर खोलीबाहेर, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. ‘अलार्मसाठी फोन लागतो’ हे हमखास येतं, म्हणून साधं घड्याळ आधीच आणून ठेवा. नुसता राउटर बंद करून उपयोग नाही, मोबाईल डेटा चालूच असतो. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरचे ऑनलाइन गेम कायद्याने बंद केले होते, पण मोबाईलवरचे त्यातून सुटले. पुढे तो कायदाच रद्द झाला.

परत देताना आधी जागा ठरवा (बैठकीची खोली), मग वेळ, शेवटी ॲप्स. नोटिफिकेशन आणि ऑटोप्ले बंद. वेळ संपल्याची सूचना मॅच सुरू होण्याआधी द्या. सांघिक मॅच मध्येच तोडली की मुलाची रँक घसरते, सोबतचे शिव्या घालतात, आणि तो राग घरच्यांवर निघतो.

कुटुंब_समुपदेशक: इथे बहुतेक घरं एकाच ठिकाणी घसरतात. सुरुवातीच्या दिवसांत आदळआपट वाढते. पाऊण तास आरडाओरडा ऐकून आई-वडिलांनी फोन दिला, की मूल शिकतं: पाऊण तास ओरडायचं. आई नाही म्हणते आणि आजी देते, तिथेही तेच. म्हणून मोठ्यांचं आधी आपसात ठरू द्या, मगच मुलाला सांगा. नियम मोडला तर काय, हेही आधी लिहून ठेवा: एका चुकीला एक दिवस. महिनाभराची शिक्षा दिली की दुसऱ्या दिवसापासून मुलाकडे गमावण्यासारखं काही उरत नाही.

आणि शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचे रिकामे तास! तिथे माणसं असलेलं काहीतरी हवं, कारण ऑनलाइन गटासोबत त्याचे मित्रही जातात. ‘एखादा छंद लाव’ एवढं सांगून भागत नाही.

शालेय_समुपदेशक: मुलं माझ्यासमोर सगळं कबूल करतात, घरी काहीच नाही. तिथे काय?

सीबीटी_थेरपिस्ट: तो कबुली तुमच्यासाठी देतोय. ‘० ते १० मध्ये, कमी करावंसं किती वाटतं?’ असं विचारा. चार म्हणाला तर ‘चारच का?’ म्हणू नका, तो बचावात जाईल. ‘दोन का नाही म्हणालास?’ असं विचारा आणि गप्प बसा. जे कारण तो सांगेल (झोप होत नाही, संघातून वगळलं), तेच त्याच्या शब्दांत घरच्या नियमांच्या लेखी कराराची पहिली ओळ म्हणून लिहा.