एम-थ्री काढू की भयकथा लिहू?

मेकॅनिकल थर्ड इयरला आहे, एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणित-३ चा पेपर) दोनदा उडालाय आणि डोक्यात वाड्यातल्या विहिरीची गोष्ट फिरतेय, गेल्या वर्षी दोन दिवाळी अंकांना कथा पाठवल्या, एक साभार परत, दुसऱ्याचं उत्तरच नाही. लिहिणं थांबवू का?

रातकिडा: थांबवू नको रे. रत्नाकर मतकरी बँकेत नोकरी करत गूढकथा लिहायचे. रोज अर्धा तास, बास.

अवस: आधी एम-थ्री काढ बाबा, भूत कुठं पळून जात नाही :) आणि कथा पाठवलीस कधी? जून-जुलैत पाठव, सप्टेंबरात अंक छपाईच्या घाईत असतो.

प्रश्नकर्ता: सप्टेंबरच होता 😅 रात्री रहाट वाजतो पण दोर कधीच कापून नेलाय, एवढंच लिहून झालंय.

रातकिडा: भूत दाखवूच नको मग. रहाट वाजू दे.